हुकमाने आलेली माणसे

२१ मार्च १९५१ रोजी ‘कोता इंटेन’ हे जहाज रॉटरडॅमच्या धक्क्याला लागले. महिनाभराचा प्रवास करून ते जावाहून आले होते. जहाजात सैनिक होते, त्यांच्या बायका होत्या, तान्ही मुले होती. हे सैनिक डच ईस्ट इंडीजच्या शाही सैन्यातले. ते स्वखुशीने आले नव्हते. लष्करी हुकूम निघाला म्हणून आले होते. पुढच्या तीन महिन्यांत अशी एकूण बारा जहाजे आली. सुमारे साडेतीन हजार सैनिक आणि त्यांची कुटुंबे मिळून साडेबारा हजार माणसे नेदरलँड्सच्या भूमीवर उतरली. उतरता उतरता किंवा त्याच्या आगेमागे त्या सैनिकांच्या हातात एक कागद पडला. त्या कागदाने त्यांना सैन्यातून मुक्त केले होते.

नेदरलँड्समधल्या या मोलुक्कन समाजाचा इतिहास सहसा १९७५ आणि १९७७ सालच्या रेल्वे-ओलीस प्रकरणांपासून सुरू होतो आणि तिथून मागे जातो. वृत्तपत्रांनी जगाला त्यांची ओळख करून दिली ती त्याच वेळी, त्यामुळे असे होणे स्वाभाविक आहे. पण असे मागे जाताना १९५१ चा तो कागद एक तपशील होऊन राहतो. माझ्या मते तो तपशील नाही. पुढचे जवळपास सगळे त्या कागदातून निघाले आहे. म्हणून ही गोष्ट १९५१ पासून पुढे सांगायला हवी, आणि त्यासाठी थोडे आधीपासून सुरुवात करायला हवी.

मी या विषयाकडे आडवाटेने आलो. वेंगुर्ल्याला डचांनी १६३७ मध्ये वखार घातली. तिच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. त्या वखारीच्या निमित्ताने डच ईस्ट इंडिया कंपनीचे वाचन सुरू झाले, शब्दकोश शेजारी ठेवून डच अक्षरओळख झाली आणि वेंगुर्ल्याहून मी कधी मोलुक्का बेटांवर पोचलो ते कळलेही नाही. कंपनीची सगळी धडपड अखेर ज्या बेटांसाठी होती, ती ही बेटे. लवंग मूळची उत्तर मोलुक्कांतली, जायफळ आणि जायपत्री बांदा बेटांवरची. दिवाळीच्या करंजीत आपण जे जायफळ किसतो, त्याच्या मक्तेदारीसाठी यान पीटरझून कून या गव्हर्नर-जनरलने १६२१ मध्ये बांदाची बहुतेक लोकवस्ती मारून किंवा हाकलून संपवली. पुढे मसाल्याच्या पिकाची मक्तेदारी मोडली, भाव उतरले आणि बेटे गरीब झाली. १८१७ मध्ये सापारुआ बेटावर थॉमस मातुलेसी ऊर्फ पातिमुरा याने डचांविरुद्ध उठाव केला. डिसेंबरमध्ये त्याला फाशी दिले. हा पातिमुरा त्याआधी इंग्रजांच्या फौजेत सार्जंट होता. मोलुक्कन इतिहासात सैनिक किती लवकर येतो ते यावरून दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मसाल्याऐवजी माणसे हे या बेटांचे निर्यातीचे पीक झाले. आचेच्या प्रदीर्घ युद्धात डचांना विश्वासाचे सैनिक हवे होते. अंबोन आणि आसपासच्या बेटांतले ख्रिस्ती लोक त्यांना तसे वाटले. इंग्रजांनी आपल्याकडे ‘लढवय्या जमाती’ ठरवल्या, तसेच तिथे ‘अंबोनी’ ही एक लष्करी जात घडवली गेली. अंबोनी सैनिकाला जावानीज सैनिकापेक्षा पगार अधिक, शिधा चांगला आणि मुलांना शाळा. तो पायात बूट घालून चाले, हेही मानाचे लक्षण होते. या सैन्याचे डच आद्याक्षरांनी झालेले नाव ‘क्निल’. त्यात संख्येने जावानीज सर्वांत जास्त होते, अंबोनी अल्पसंख्य. तरी निष्ठेचे नाव निघाले की अंबोनी सैनिकाचेच निघे. डच राणीचा सैनिक ही त्याची नोकरी होती आणि ओळखही होती. बापामागून मुलगा, मुलामागून नातू असे बराकीत जन्मलेले आणि बराकीतच वाढलेले सैनिक तयार झाले. त्यांतल्या पुष्कळांनी अंबोन बेट क्वचितच पाहिले होते.

आता एक अवघड भाग. इंडोनेशियाचा स्वातंत्र्यलढा आपण भारतीयांनी सुकार्नो आणि हत्ता यांच्या बाजूने वाचला, आणि ते योग्यच होते. डचांनी १९४७ आणि १९४८ मध्ये ज्या दोन लष्करी मोहिमांना ‘पोलिसी कारवाई’ असे सौम्य नाव दिले, त्यांविरुद्ध नेहरूंनी आवाज उठवला, जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई परिषद बोलावली. या सगळ्या काळात अंबोनी सैनिक डचांच्या बाजूने लढत होते. क्निलच्या तुकड्यांनी गावोगाव काय केले ते पुरेसे नोंदले गेले आहे. त्यातून त्यांना वेगळे काढता येणार नाही. दुसऱ्या बाजूला, जपानच्या शरणागतीनंतर जावावर ज्या सशस्त्र टोळ्या हिंडत होत्या, त्यांनी युरोपीय आणि मिश्रवंशीय कुटुंबांबरोबर अंबोनी बायकामुलांचीही कत्तल केली. दोन्ही गोष्टी एकाच काळात घडल्या, आणि दोन्ही बाजूंनी त्यांतली एकेकच लक्षात ठेवली.

मराठी वाचकाला इथे एक ओळखीचे नाव भेटते. ऑक्टोबर १९४५ मध्ये सुराबायाला उतरलेल्या ४९व्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. ब्रिगेडियर मॅलबी ३० ऑक्टोबरला तिथे मारला गेला आणि त्यानंतर सुराबायाची मोठी लढाई पेटली. साताऱ्या-कोल्हापुराकडचे शिपाई इंग्रजांच्या हुकमाने एका परक्या स्वातंत्र्यलढ्यासमोर उभे केले गेले होते. दोन वर्षांत इंग्रज गेले, आणि तीच मराठा रेजिमेंट तिच्या निशाणांसह, बेळगावच्या केंद्रासह स्वतंत्र भारताच्या सैन्यात गेली. परक्या सरकारची नोकरी केली म्हणून त्या शिपायांना कुणी गावाबाहेर ठेवले नाही. तिची पेन्शन चालू राहिली. क्निलच्या बाबतीत असे घडले नाही. हे सैन्य चार वर्षे नव्या राष्ट्राच्या विरुद्ध लढले होते, त्यामुळे ते जसेच्या तसे वारसाने घेणे नव्या राष्ट्राला अशक्य होते. एकेका सैनिकाने इंडोनेशियाच्या सैन्यात जायचे किंवा नोकरी सोडायची, एवढाच पर्याय होता. २६ जुलै १९५० रोजी क्निल अधिकृतपणे बरखास्त झाले.

दरम्यान अंबोनमध्ये वेगळेच घडले होते. २७ डिसेंबर १९४९ रोजी डचांनी सत्ता सोपवली ती संघराज्याकडे. त्या संघराज्यात पूर्व इंडोनेशिया हे एक घटक राज्य होते आणि मोलुक्का त्यात मोडत होते. काही महिन्यांतच जकार्ताने संघराज्य मोडून एकसंध राज्य करण्याकडे पावले टाकली. तेव्हा २५ एप्रिल १९५० रोजी अंबोनमध्ये ‘दक्षिण मोलुक्का प्रजासत्ताका’ची घोषणा झाली. पहिले अध्यक्ष मानुहुतू. काही दिवसांतच ख्रिस सौमोकिल अध्यक्ष झाले. सौमोकिल हे कायद्याचे पदवीधर आणि पूर्व इंडोनेशियाचे न्यायमंत्री. या प्रजासत्ताकाचे बळ म्हणजे अंबोनमधले जुने क्निल सैनिक.

सगळे मोलुक्कन या बाजूचे होते असे समजणे चूक ठरेल. लाटुहारहारी हे मोलुक्का प्रांताचे प्रजासत्ताकाच्या बाजूचे पहिले गव्हर्नर अंबोनीच होते. योहानेस लेइमेना हेही अंबोनी; सुकार्नोंच्या मंत्रिमंडळांत ते वर्षानुवर्षे होते. १९५० मध्ये बोलणी करायला जकार्ताने त्यांनाच पाठवले, पण बोलणी झाली नाहीत. मग फौज उतरली. नोव्हेंबरात अंबोन शहर पडले. शहरासाठीच्या लढाईत इंडोनेशियाचा तरुण सेनानी स्लामेत रियादी मारला गेला. सौमोकिल आणि त्यांचे लोक सेराम बेटाच्या जंगलात गेले आणि तिथून पुढे तेरा वर्षे गनिमी लढा चालवत राहिले.

हे चालू असताना जावावर सुमारे चार हजार मोलुक्कन सैनिक बराकींत अडकले होते. क्निल तर संपले होते. म्हणून त्यांना डच भूदलात ‘तात्पुरता’ दर्जा दिला गेला. पुढे हा शब्द त्यांच्या वाट्याला इतक्या वेळा आला, की त्याची पहिली नोंद इथे करून ठेवतो. नियमानुसार नोकरी संपताना सैनिकाला स्वतःच्या पसंतीच्या ठिकाणी सोडायला हवे होते. त्यांनी अंबोन मागितले, ते जमले नाही तर डचांच्या ताब्यात असलेला न्यू गिनी. शस्त्रे चालवणारी माणसे बंडाच्या भूमीवर सोडायला इंडोनेशिया तयार होईना, हे समजण्यासारखे आहे. न्यू गिनीला डच सरकार तयार होईना. जावावरच सोडावे, तर मोलुक्कन शिष्टमंडळ हेगच्या न्यायालयात गेले आणि जिंकले: इच्छेविरुद्ध इंडोनेशियाच्या भूमीवर त्यांना सेवामुक्त करता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. सगळ्या वाटा बंद झाल्यावर उरली ती एकच. सरकारने त्यांना सेवेच्या हुकमाने नेदरलँड्सला नेले.

सैनिकांना वाटत होते, काही महिन्यांचा प्रश्न आहे. अंबोनचा निकाल लागला की परत. सरकारलाही तसेच वाटत होते किंवा वाटून घ्यायचे होते. आणि याच ठिकाणी तो कागद येतो. न्यायालयाची बंदी इंडोनेशियाच्या भूमीपुरती होती. नेदरलँड्सच्या भूमीवर सेवामुक्त करायला तिची आडकाठी नव्हती. कायद्याने सगळे बरोबर बसत होते. सैनिक बडतर्फीविरुद्ध न्यायालयात गेले, पण शेवटचा निकाल सरकारच्या बाजूने लागला.

सरकारची अडचण मला कळते. पाच वर्षांपूर्वी युद्धातून उठलेला देश, घरांची भीषण टंचाई, आणि मायदेशी युनियन जॅकखालच्या गुरख्यांसारखी वसाहतीतली फलटण ठेवायची कुणाचीच इच्छा नाही. पण या एका निर्णयाने काय गेले ते पाहावे. पगार गेला, हुद्दा गेला, गणवेश गेला. बराकीत वाढलेल्या समाजात बापाचा घरातला अधिकार त्याच्या हुद्द्यातून येत होता. तो अधिकारही गेला. आणि नेदरलँड्सशी असलेला त्यांचा एकमेव करार, म्हणजे नोकरीचा, तोच संपला. उरले ते पाहुणे, कुणाचे ते माहीत नसलेले.

याच वर्षांत इंडोनेशियातून नेदरलँड्सला आणखीही लोक येत होते. मिश्रवंशीय ‘इंडो’ आणि इतर मिळून सुमारे तीन लाख. त्यांच्याजवळ डच नागरिकत्व होते. त्यांना निवासगृहांत ठेवले, नव्या सरकारी घरांत त्यांच्यासाठी वाटा राखला, बटाटे कसे शिजवायचे हे शिकवायला समाजसेविका पाठवल्या, आणि प्रवासाचा व कपड्यांचा खर्च पुढे वसूलही केला. त्यांच्या कहाणीत अपमान पुष्कळ आहेत. पण सरकारला त्यांना डच समाजात मिसळवायचे होते. मोलुक्कनांना मिसळवायचे नव्हते, कारण ते परत जाणार होते. त्यांना वेगळे ठेवायचे होते, आणि वेगळे ठेवायला जागा होत्या.

त्या जागांची यादी वाचताना मी दोनदा थांबलो. नव्वदीच्या आसपास ठिकाणे: मठ, जुन्या हवेल्या, कामगारांच्या छावण्या. त्यांत दोन मोठी नावे वेस्टरबोर्क आणि व्हुख्त. वेस्टरबोर्क १९३९ मध्ये जर्मनीतून पळून आलेल्या ज्यूंसाठी बांधले गेले. नाझींनी ते संक्रमण छावणी केले आणि तिथून एक लाखाहून अधिक ज्यू पूर्वेकडे मृत्यूच्या छावण्यांत पाठवले. ॲन फ्रँक त्यांतलीच. व्हुख्त ही तर एसएस संघटनेने चालवलेली यातनाछावणी. युद्धानंतर सहा वर्षांनी त्याच बराकींत मोलुक्कन कुटुंबे राहायला आली. नाव बदलून वेस्टरबोर्कचे स्खाटेनबेर्ख झाले, व्हुख्तचे लुनेटन. यात कुणी दुष्ट हेतू ठेवला होता असे नाही. रिकाम्या, कुंपणाच्या, गावापासून दूर असलेल्या बराकी सरकारकडे होत्या एवढेच. हेतूपेक्षा ही सोय मला जास्त अस्वस्थ करते.

पहिली वर्षे छावणीत स्वयंपाकही स्वतः करायचा नव्हता. सामाईक मुदपाकखान्यातून उकडलेले बटाटे आणि भाज्या येत. हातखर्चाला आठवड्याला तीन गिल्डर. कपडे सरकारी. मुलांना छावणीतच शाळा. १९५२ पासून ‘अंबोनी लोकांच्या देखभालीचे आयुक्तालय’ नावाचे खाते सगळे पाही. भात आणि सांबाल खाणाऱ्या, मुलांना कवायतीची शिस्त लावणाऱ्या माणसांना हातात काम नसताना दुसऱ्याने वाढलेले खायला बसवले, याचा परिणाम काय होणार ते सांगायला समाजशास्त्र लागत नाही.

तरी १९५६ मध्ये सरकारने हा प्रकार बंद करून ‘स्वतःचे स्वतः बघा’ असा नियम केला, तेव्हा छावण्यांतून विरोध झाला. काही ठिकाणी पोलीस आणावे लागले. डच वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हा आळशी आश्रितांचा कांगावा वाटला असेल. छावणीतला तर्क वेगळा होता. आम्हाला हुकमाने आणले, तेव्हा आम्हाला पोसणे हे तुमचे कर्तव्य. ते तुम्ही सोडले, म्हणजे १९५१ चा हिशेब बुडवलात. बटाट्यांविषयी कुणालाच प्रेम नव्हते. पण ते बटाटे सरकारवरच्या दाव्याचा शेवटचा पुरावा होते.

हाच तर्क घरांच्या बाबतीत पुन्हा दिसतो. १९५९ मध्ये फेरवाय-योंकर समितीने अहवाल दिला आणि पुढच्या वर्षापासून गावोगाव विटांच्या घरांच्या मोलुक्कन वस्त्या बांधल्या जाऊ लागल्या. पक्की घरे, नळाचे पाणी, शेजारी डच गाव. तरी कित्येक कुटुंबांनी बराक सोडायला नकार दिला. विटांचे घर म्हणजे आता इथेच राहायचे, अशी कबुली. व्हुख्तमध्ये काही कुटुंबे दशकानुदशके हटली नाहीत. आजही तिथे मोलुक्कन वस्ती आहे. स्खाटेनबेर्ख १९७१ मध्ये रिकामे झाले. तोवर त्याच माळावर चौदा महाकाय तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली होती.

छावण्यांत एकजिनसी समाज होता असे चित्र मात्र नको. केई, तानिंबार या आग्नेयेकडच्या बेटांतले लोक आणि अंबोनकर यांच्यात प्रजासत्ताकावरून खटके उडत. कॅथलिक वेगळे, प्रोटेस्टंट वेगळे. १९५२ मध्ये प्रोटेस्टंटांनी स्वतःचे चर्च स्थापन केले, मलय भाषेत प्रार्थना चालवली. मुसलमान कुटुंबे थोडी होती. त्यांना फ्रीसलँडमध्ये बाल्क गावाजवळ विल्डेमेर्क येथे वेगळे ठेवले. तिथे १९५६ मध्ये एक लाकडी मशीद उभी राहिली. ती नेदरलँड्समधल्या अगदी सुरुवातीच्या मशिदींपैकी एक. विल्डेमेर्क बंद झाल्यावर हे लोक रिडरकेर्क आणि वालवाइकला गेले आणि तिथे त्यांनी पुन्हा मशिदी बांधल्या.

या सर्वांना जोडणारी एक चीज मोलुक्कांतूनच आली होती. तिला ‘पेला’ म्हणतात. दोन गावांमध्ये, क्वचित दोनाहून अधिक गावांमध्ये, पूर्वजांनी शपथेने केलेला हा भाऊपणा. पेला गावाची माणसे एकमेकांची भावंडे. संकटात धावून जायचे, मागितले ते द्यायचे, आणि आपसांत लग्न करायचे नाही. ख्रिस्ती गावाचे मुसलमान गावाशी पेला असू शकते. आपल्याकडच्या सगोत्र विवाहबंदीची आठवण व्हावी असा हा प्रकार. नेदरलँड्समध्ये जन्मलेली, अंबोन न पाहिलेली मुलेही ओळख वाढण्यापूर्वी आधी आडनाव आणि त्यावरून गाव विचारत आली आहेत. १९९९ ते २००२ या काळात मोलुक्कांत ख्रिस्ती-मुस्लीम हिंसाचार पेटला आणि हजारो माणसे मेली, तेव्हा नेदरलँड्समधल्या मोलुक्कनांत त्याची लागण झाली नाही. पेलाचे त्याला किती श्रेय द्यावे हे मी सांगू शकत नाही, पण काही तरी द्यावे लागेल.

डिसेंबर १९६३ मध्ये सौमोकिल पकडले गेले. १२ एप्रिल १९६६ रोजी त्यांना गोळ्या घातल्या. निर्वासित सरकारची सूत्रे योहान मानुसामा यांच्याकडे आली. ते शिक्षक होते आणि १९५३ पासून नेदरलँड्समध्ये होते. जंगलातला लढा संपला होता, त्यामुळे परतण्याचा व्यवहार्य मार्ग संपला होता, आणि नेमक्या त्याच वेळी छावणीत जन्मलेली पिढी वयात येत होती. बापांनी मुलांना प्रजासत्ताकाचे गाणे शिकवले होते, पण प्रजासत्ताकाला पाठिंबा देणारे सरकार जगात नव्हते. हेगमधल्या इंडोनेशियन वकिलातीवर १९६६ मध्येच हल्ला झाला. १९७० मध्ये सुहार्तोंच्या भेटीच्या तोंडावर वासेनारमधले राजदूताचे निवासस्थान ताब्यात घेतले गेले. एक डच पोलीस मारला गेला.

२ डिसेंबर १९७५ रोजी वाइस्टरजवळ रेल्वेगाडी थांबवली गेली. बारा दिवसांत गाडीचा चालक आणि दोन प्रवासी मारले गेले. दोन दिवसांनी अॅमस्टरडॅममधल्या इंडोनेशियन वाणिज्य दूतावासात घुसखोरी झाली. तिथे एकाने जीव वाचवायला उडी टाकली आणि तो मेला. २३ मे १९७७ रोजी द पुंट येथे दुसरी गाडी थांबवली आणि त्याच सकाळी बोव्हन्स्मिल्डेच्या प्राथमिक शाळेत १०५ मुले आणि शिक्षक ओलीस धरले. मुले चार दिवसांनी, आजारी पडू लागल्यावर, सोडली गेली. ११ जूनच्या पहाटे गाडीवरून सहा लढाऊ विमाने अगदी खालून नेऊन गोंगाट केला गेला, मरीन सैनिकांनी गोळीबार केला. सहा अपहरणकर्ते आणि दोन प्रवासी मेले. दोन मृत अपहरणकर्त्यांच्या कुटुंबीयांनी पुढे सरकारविरुद्ध दावा लावला; न्यायालयाने तो २०१८ मध्ये आणि अपिलात २०२१ मध्ये फेटाळला. १९७८ मध्ये आसेनच्या प्रांतिक कार्यालयात शेवटचा असा प्रकार झाला. त्यातही दोन बळी गेले.

या घटनांचा मोलुक्कन बाजूचा खुलासा मी पुष्कळ वाचला आहे, आणि १९५१ चा राग त्यात खरा आहे. पण बोव्हन्स्मिल्डेची शाळा मला त्या खुलाशात बसवता येत नाही. त्या गावात मोलुक्कन वस्ती होती. ओलीस धरलेली मुले शेजाऱ्यांची मुले होती. ज्या सरकारशी भांडण होते, त्याला ही मुले माहीतही नव्हती. ओळखत होते ते ओलीस धरणाऱ्यांचेच नातेवाईक. त्या गावातल्या दोन्ही बाजूंनी नंतर कित्येक वर्षे एकमेकांच्या रस्त्यावरून चालताना काय अनुभवले असेल, हे कुठल्याही अहवालात पुरते येणार नाही.

डच राज्य मात्र हलले, आणि ते हिंसेनंतरच हलले, ही कटू वस्तुस्थिती आहे. तोवर बहुसंख्य मोलुक्कनांकडे डच नागरिकत्व नव्हते. कित्येक जण राज्यहीन होते. सप्टेंबर १९७६ च्या कायद्याने त्यांना नागरिकत्व न घेताही डच नागरिकांसारखेच वागवण्याची सोय केली. ज्यांना डच पारपत्र घेणे ही प्रजासत्ताकाशी गद्दारी वाटत होती, त्यांच्यासाठी काढलेली ही वाट मला कायद्याच्या बुद्धीचा चांगला नमुना वाटते. १९८६ मध्ये लुबर्स सरकार आणि पाद्री मेतिआराय यांच्या संघटनेत संयुक्त निवेदन झाले. पहिल्या पिढीला दर वर्षी दोन हजार गिल्डर, एक स्मरणपदक, तरुणांना नोकऱ्या आणि एक ऐतिहासिक संग्रहालय. ते संग्रहालय १९९० मध्ये उट्रेख्टला उघडले आणि २०१२ मध्ये बंद झाले. पस्तीस वर्षांनी आलेल्या त्या पदकाकडे म्हाताऱ्या सैनिकांनी निरनिराळ्या नजरांनी पाहिले. १९५१ ची बडतर्फी चुकीची होती, असे त्या निवेदनाने म्हटले नाही.

जपानी काळातला बुडालेला पगार हा आणखी एक हिशेब. तो २०१५ मध्ये फेडला गेला: पंचवीस हजार युरो, पण १५ ऑगस्ट २०१५ रोजी हयात असणाऱ्या सैनिकांना आणि अधिकाऱ्यांनाच. १९४२ मध्ये वीस वर्षांचा असलेला सैनिक तेव्हा त्र्याण्णव वर्षांचा होता.

निर्वासित सरकार अजून आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष युधोयोनो यांनी नेदरलँड्सचा दौरा ऐन विमानतळावर रद्द केला, कारण या गटाने त्यांच्या अटकेची मागणी न्यायालयात केली होती. दुसऱ्या बाजूला, व्हुख्तला १९५६ मध्ये जन्मलेला सिमोन ताहामाता हा आयाक्सचा आणि डच संघाचा खेळाडू २०२५ मध्ये इंडोनेशियाच्या फुटबॉल संघटनेसाठी खेळाडू शोधायच्या कामावर गेला. इंडोनेशियाच्या राष्ट्रीय संघात आज नेदरलँड्समध्ये जन्मलेले, मोलुक्कन आडनावांचे खेळाडू दिसतात. तिथले नागरिकत्व घेऊन ते लाल-पांढऱ्या ध्वजाखाली उभे राहतात. काही आजोबांना हे सहन झाले नसते. काहींना, मला शंका आहे, गुपचूप बरे वाटले असते.

नेदरलँड्समधल्या मोलुक्कनांची संख्या आज सत्तर हजारांच्या आसपास मानली जाते. जहाजातून उतरलेल्या सैनिकांपैकी जवळपास कुणी उरलेले नाही. त्या देशात कबरीची जागा सहसा ठरावीक मुदतीने भाड्याने मिळते. दहा किंवा वीस वर्षांनी पुन्हा पैसे भरले नाहीत, तर कबर मोकळी करून जागा दुसऱ्याला देता येते. पहिल्या पिढीच्या कबरींचे काय करायचे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत नगरपालिकांपुढे आला. कुटुंबीयांनी मागणी केली की, आमचे वडील इथे हुकमाने आले होते, तेव्हा त्यांच्या कबरीला भाडे लावू नये. काही नगरपालिकांनी ती मान्य केली आहे आणि या कबरींच्या नोंदीतली मुदत काढून टाकली आहे. बाकी ठिकाणी अर्ज चालू आहेत.